बावीस सेकंदांची वही

४ सप्टेंबर २०२३, सोमवार

वहीच्या पहिल्या पानावर नाव टाकायचं म्हणून दहा मिनिटं पेन चावत बसलो. 'स्वप्न वर्दीचं' वगैरे सुचलं, पण ते जीपच्या मागच्या काचेवर असतं. शेवटी लिहिलं : ५:५२ ते ५:३०. प्रकल्प एवढाच. बावीस सेकंद.

हिशेब असा आहे. फौजेच्या अग्निवीर जीडी (जनरल ड्यूटी) भरतीला सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० मार्क. ५:३१ ते ५:४५ ला ४८. त्यापुढं आडवी दोरी धरतात. दोरीच्या मागं राहिलेल्याला कुणी टाइम सांगत नाही, नुसतं गेटकडं बोट दाखवतात. धावण्यात टिकला तर बीम, म्हणजे पुलअप्स : दहाला ४० मार्क, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचं. यंदा माझा ऑनलाइन पेपर निघाला होता. उंची १७०, आमच्याकडं १६८ लागते, तीही बसली. अडलं ते दोरीवर.

घरी आल्यावर चार दिवस कुणाशी बोललो नाही. पाचव्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर माझ्या दोस्ताच्या, पैलवानाच्या हातात मोबाइल दिला आणि परत पळालो, नेमकं कुठं मेलो ते बघायला. दर चारशे मीटरचा टाइम : ७२, ८६, ९२, १०२. बेरीज ५:५२. म्हणजे पहिला राउंड मी धावपटू अविनाश साबळेसारखा पळालो आणि शेवटचा आमच्या म्हशीसारखा.

माझा जन्म फेब्रुवारी २००४ चा. भरतीला वय साडेसतरा ते एकवीस. पुढच्या वर्षीची भरती ही माझी शेवटची, त्यानंतर ओव्हरएज.

१० सप्टेंबर, रविवार

या आठवड्याचे टाइम : ५:५०, ५:५५, ५:५८, ६:०४, शुक्रवारी गेलो नाही, ६:०१.

रोज पहाटे पाचला उठून जीव तोडून सोळाशे मारायचं आणि रोज कालच्यापेक्षा वाईट टाइम बघायचा. सगळी भरतीवाली पोरं असंच करतात. आमच्या भागातल्या अकॅडम्यांतही रोज सोळाशेच मारायला लावतात. शुक्रवारी गजर वाजला तेव्हा पाय दुखत नव्हते. नुसतं मोबाइलमधला तो आकडा बघायचा कंटाळा आला होता.

रात्री रील बघतो. बर्फात चालणारे जवान, मागं ढोल-ताशा, खाली लिहिलेलं 'हार मानू नका'. अकरा वाजता अंगात येतं, वाटतं आत्ता उठून दहा किलोमीटर मारावेत. पहाटे पाचला ते गेलेलं असतं.

१७ सप्टेंबर, रविवार

मामा आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, बेळगावला ट्रेनिंग झालं, पुढं युनिटच्या क्रॉसकंट्री टीममध्ये होते. आईनं माझं तोंड बघून त्यांना बोलावलं असणार. वही मागितली. मी दिली. दोन पानं वाचली आणि विचारलं,

"रोज परीक्षा देतोयस, मग अभ्यास कधी करतोस?"

मला आधी वाटलं ऑनलाइन पेपरचं विचारतायत.

मग त्यांनी समजावलं. सोळाशे जिवाच्या आकांतानं पळणं ही परीक्षा. ती पंधरा दिवसांतून एकदा. बाकीच्या दिवशी शरीराला पळायला शिकवायचं : आठवड्यातून चार दिवस हळू, इतकं हळू की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पाच-सहा किलोमीटर. एक दिवस चारशेचे तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं दम घेऊन. रविवारी लांब. एक दिवस पूर्ण आराम, "आराम म्हंजे आराम, व्हॉलीबॉल न्हाय."

आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच बंद. त्यांच्याकडं एक जुनं घड्याळ आहे, पट्ट्याच्या जागी सुतळी. ट्रायलच्या दिवशी ते येणार, टाइम ते घेणार, सांगायचा की नाही ते ठरवणार.

"आणि इच्छा झाली नाही तर?" मी विचारलं.

"फौजंत इच्छा कुणी इचारत न्हाय. शिट्टी वाजती."

१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सात किलोमीटर हळू. पैलवानाबरोबर गप्पा मारत. पैलवान म्हणजे खरा पैलवान, दोन वर्षं कोल्हापुरात तालमीत होता, खांदा गेला म्हणून परत आला. ८४ किलो. तो पोलीस भरती करतोय. त्याला गोळाफेकीची चिंता नाही, सोळाशेची आहे. गप्पा मारत पळायचं म्हटल्यावर त्यानं सात किलोमीटर फक्त खाण्याबद्दल सांगितलं.

दुपारी मामांच्या घरी टीव्हीवर हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेतली स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. अविनाश साबळे पहिल्यापासून पुढं, शेवटी मागचे फ्रेममध्येच नव्हते. ८:१९.५०, सुवर्णपदक. बीडचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावी करून फौजेत गेला, महार रेजिमेंट, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेत पळायला लागला ते फौजेत गेल्यावर. मी वहीत भागाकार केला : तीन हजार मीटर, म्हणजे चारशेला साधारण ६६.६ सेकंद, ते पण अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडून, साडेसात राउंड. माझा चांगल्यातला चांगला पहिला राउंड ७२, आणि त्यानंतर मी मरतो.

आईनं विचारलं, "बघून हुरूप आला का?" खरं सांगायचं तर नाही आला. उलट पोटात खड्डा पडला. पण एक गोष्ट डोळ्यात राहिली. तो पळताना चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आम्ही सगळे दात-ओठ खात पळतो, फोटो काढल्यासारखे.

आमच्या शेजारच्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला ह्याच शर्यतीच्या फायनलला दहावी आली तेव्हा मी सहावी-सातवीत होतो. शाळेत पेढे वाटले होते. पेढा आठवतो, शर्यत आठवत नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

हळू पळणं सगळ्यात अवघड आहे. गावातली माणसं विचारतात, "दमलास का रं?" काल एका आजीनं सायकलवरून येणाऱ्या पोराला सांगितलं, बघ, ह्याचा पाय मुरगळला वाटतं. लाज वाटून दोनदा वेग वाढवला. मग परत कमी केला.

पाच आठवडे झाले. एकदाच दांडी. टाइम माहीत नाही. आणि गंमत म्हणजे टाइम माहीत नाही म्हणूनच जातोय. वहीत आता फक्त दोन गोष्टी लिहितो : गेलो की नाही, आणि परत येताना कसं वाटलं. 'बरं' हा शब्द एकवीस वेळा आलाय.

चारशेच्या तुकड्यांचं लक्ष्य मामांनी सांगितलंय. ५:३० म्हणजे चारशेला ८२.५ सेकंद. शाळेचं ग्राउंड दोनशेचं आहे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा लाड न करता राउंडला ४१. मामा खुर्ची टाकून बसतात आणि फक्त 'लवकर' किंवा 'उशिरा' एवढंच ओरडतात. आधी मी दर वेळी 'लवकर' असायचो. ३८, ३९. त्याला ते शिव्या देतात. उशिराला देत नाहीत.

१९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. चकल्या. दोन दिवस सुट्टी घेतली, मामांना न विचारता. ट्रायल झाली, मामांनी टाइम सांगितला नाही, पण स्वतःहून फराळ मागितला म्हणजे बरा असणार.

३ डिसेंबर, रविवार

उजवी नडगी. आतल्या बाजूनं, खालच्या अर्ध्या भागात. पळायला लागलं की दुखतं, गरम झालं की थांबतं, घरी आलो की परत दुखतं. तीन आठवडे लपवलं. आज जिना उतरताना दुखलं म्हणून लिहितोय.

कारण शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. यंदा ऑगस्ट कोरडा गेला, नंतरही काही झालं नाही, शाळेचं ग्राउंड फरशीसारखं झालंय. दोनशेचा राउंड, वळणं आखूड, आणि आम्ही कायम एकाच दिशेनं पळतो. बुटाचा सोल बोटानं दाबला तर दबत नाही. दीड वर्ष झालंय त्याला.

५ डिसेंबर, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी नडगीवर अंगठ्यानं वरून खाली दाबत नेलं. म्हणाले, एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर ओरडला असतास तर हाडाला चीर आहे का ते बघावं लागलं असतं. तुझं लांबभर दुखतंय, म्हणजे हाडाला चिकटलेल्या भागाला सूज आहे. तीन आठवडे पळणं बंद. सायकल चालव. नंतर सुरुवात चालण्यापासून.

तीन आठवडे. मी मनात पेपरपर्यंतचे आठवडे मोजत होतो आणि त्यातून तीन वजा करत होतो.

९ डिसेंबर, शनिवार

कालपासून कांद्याची निर्यात बंद. अण्णांनी सकाळपासून चार जणांना फोन केले, प्रत्येकाला तेच विचारलं आणि प्रत्येकानं तेच सांगितलं. पाणी नसताना विकत टँकर घालून जगवलेला कांदा. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "ते पळायचं राहू दे आता. तो ट्रॅक्टरवाला ड्रायव्हर पाहिजे म्हणत होता, जाऊन ये."

त्यांना पाय दुखतोय हे माहीत होतं. म्हणून राहू दे म्हणाले की कांद्यामुळं, कळलं नाही. विचारलं नाही.

वर्दी, देश, हे सगळं आहेच. पण वहीत खोटं कशाला लिहू. पहिल्या वर्षी ३० हजार पगार, त्यातले २१ हजार हातात, ९ हजार निधीत कापून जातात. २१ हजार दर महिन्याला, पाऊस पडो न पडो. आमच्या घरात असा पैसा कधी आलेला नाही. गावात म्हणतात, चार वर्षांची नोकरी, चारातला एकच कायम होतो, बाकी तिघं परत कांद्यात. आणि परत आलेल्याला पोरगी कोण देणार. बरोबरच आहे. पण कांद्याची चार वर्षंही कुणी लिहून देत नाही.

ट्रॅक्टरवर आठवड्यातून तीन दिवस जाईन म्हणालो.

२६ डिसेंबर, मंगळवार

पळणं नाही तर काय लिहायचं म्हणून वही बंद होती. पण बीम चालू होतं, ते लिहितो.

घरामागच्या कडुलिंबाच्या दोन फांद्यांमध्ये जुना जीआय पाइप बांधलाय. सप्टेंबरमध्ये पाच मारायचो, त्यातला पाचवा झोके देऊन, जो ग्राउंडवर धरत नाहीत. हनुवटी पाइपच्या वर गेली पाहिजे, खाली हात पूर्ण सरळ. मामांची युक्ती : वर चढता येत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि खाली ये, पण खाली येताना आठ आकडे मोज. पहिल्या दिवशी चारापर्यंत पोचलो आणि धपकन पडलो. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. धाकटीनं भांग पाडून दिला आणि शाळेत सगळ्यांना सांगितलं.

आज आठ. सरळ, झोका न देता. सोळा मार्कांची माझी लायकी नव्हती ती आता २७ झाली.

विचित्र वाटतं, पण पाय दुखत नसता तर हे झालं नसतं. बीमला मी कायम 'नंतर' म्हणायचो, कारण पळून आल्यावर जीव राहायचा नाही. (हे वाचून मामा म्हणतील, बघ, देव करतो ते. देवाला माझ्या नडगीचं काय पडलंय.)

७ जानेवारी २०२४, रविवार

परत सुरुवात. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं. ग्राउंड सोडून ओढ्याकाठच्या मातीच्या रस्त्यावर, आणि परतताना उलट दिशेनं. पुसेगावच्या यात्रेला जाणारी माणसं मला बघत होती. चालतोय, पळतोय, चालतोय. कुणाला तरी शोधत असल्यासारखं.

१६ जानेवारी, मंगळवार

पैलवान चाकणला चालला. कंपनीत कंत्राटी, बारा तासांची पाळी. घरी बहिणीचं लग्न ठरलंय. काल तिळगूळ द्यायला आला तेव्हा सांगितलं. मला राग आला, आणि राग आला याची लाज वाटली.

गेल्या चार महिन्यांत पहाटे पाचला मी उठायचो ते वर्दीसाठी नाही. हा लेकाचा मंदिरापाशी येऊन थांबलेला असायचा आणि गेलो नाही तर दारात येऊन बोंब मारायचा, म्हणून. आता मंदिरापाशी कुणी नाही.

२० जानेवारी, शनिवार

पहाटे पावणेपाचला मिस्ड कॉल. पैलवान. मी घाबरून परत लावला. म्हणाला, "रात्रपाळीत शेवटचा चहा असतो ह्या वेळंला. उठलास का?"

२६ जानेवारी, शुक्रवार

मामांबरोबर अपशिंगे मिलिटरीला गेलो. त्यांच्या युनिटमधले जुने साथीदार तिथले. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले, त्यांचा स्मारकस्तंभ आहे. झेंडावंदनाला जुनी माणसं पदकं लावून, दाढ्या घोटून, ताठ उभी.

मी वाट बघत होतो की आता काहीतरी वाटेल. अंगावर काटा वगैरे. खरं म्हणजे वाटलं ते एवढंच की शंभर वर्षांपूर्वी ह्यांना सोळाशे किती मिनिटांत मारायला लावत असतील? मामांना विचारलं तर हसले आणि म्हणाले, "पोटाला मिळतंय म्हणून गेली बरीचशी. मोठी झाली ती नंतर." मग चहा प्यायला नेलं.

येताना एसटी चुकली. चार किलोमीटर चालत फाट्यापर्यंत. पाय दुखला नाही. खरी बातमी ही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

फॉर्म सुटले. अडीचशे रुपये फी. नेट कॅफेत गर्दी, सगळी ओळखीची तोंडं, गेल्या वर्षी दोरीच्या मागं राहिलेलीही. एकानं विचारलं, "टाइम किती बसतोय?" मी खरंच सांगू शकलो नाही. त्याला वाटलं लपवतोय.

फॉर्म भरल्यावर दोन दिवस भयंकर हुरूप. तुकडे मारताना मामांनी तीनदा 'लवकर' म्हणून शिव्या दिल्या.

१० मार्च, रविवार

मामांनी पहिल्यांदा टाइम सांगितले. सगळे. एका कागदावर, किराणा दुकानाच्या पावतीच्या मागं, सप्टेंबरपासूनचे.

१ ऑक्टोबरनंतरची पहिली ट्रायल ५:५४. म्हणजे मी आणखी हळू झालो होतो. तेव्हा हे कळलं असतं तर मामांचं ऐकणं बंद केलं असतं, शंभर टक्के. नंतर ५:४९. दिवाळीनंतर ५:४४. नडगीनंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला ५:५३. आणि आज ५:४१. आजचे राउंड : ८३, ८६, ८८, ८४.

मी त्या शेवटच्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसलो. ५:४१ कडं नाही, ८४ कडं. सहा महिन्यांपूर्वी तिथं १०२ होते. शेवटचा राउंड तिसऱ्यापेक्षा चार सेकंदांनी फास्ट. मला पळताना कळलंही नव्हतं.

पैलवानाला फोन केला. मशिनच्या आवाजात त्याला 'एक्केचाळीस' ऐकू आलं नाही. मग ओरडून सांगितलं. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सहा दिवस गेलो नाही.

काही झालेलं नाही. पाय ठीक. घरी ठीक. मिस्ड कॉल येतो, मी परत मिस्ड कॉल देतो म्हणजे उठलोय असं त्याला वाटावं, आणि झोपतो. आजारी पडलो असतो तर बरं, काहीतरी लिहिता आलं असतं. ५:४१ नंतरच्या ट्रायलला ५:४२ आला, त्यामुळं असेल. पेपर जवळ आलाय, रात्री गणितं सोडवतो, त्यामुळं असेल. ऊन आहे, पहाटेही गार नसतं. पण ही सगळी कारणं मी नंतर शोधलीयत. आधी नुसतं झोपलो.

नडगीच्या वेळी लोक विचारायचे, काळजी करायचे, आई हळद लावायची. कंटाळ्याला कुणी हळद लावत नाही.

आज गुढी उभारताना बाहेर शेजारचा बारका. सातवीतला. रोज मी ओढ्याकाठी पळताना तो स्लीपरवर मागं मागं यायचा, अर्ध्यातून परत जायचा. म्हणाला, "दादा, सहा दिस मी एकटाच पळतोय. कुत्री मागं लागत्यात."

सहा दिवस हे पोरगं पाचला उठून तिथं जात होतं. मला शिकवायला नाही, त्याला वाटत होतं मी कुठं दुसऱ्या रस्त्यानं पळतोय.

१० एप्रिल, बुधवार

गेलो. पाच किलोमीटर हळू. हातात कुत्र्यांसाठी काठी.

२८ एप्रिल, रविवार

या आठवड्यात ऑनलाइन पेपर झाला. एक तास, ५० प्रश्न, चुकलं की मार्क कापतात. विज्ञान बरं गेलं, जीकेतले चार-पाच सोडून दिले. सेंटरबाहेर निम्मी पोरं उत्तरांबद्दल नाही, टाइमबद्दल बोलत होती. एकानं त्याच्या अकॅडमीत ५:०५ मारतो म्हणून सांगितलं. खरं असेल. पूर्वी असलं ऐकून रात्रभर झोप लागायची नाही. आज मी त्याच्या बुटांकडं बघितलं, नवे होते.

१२ मे, रविवार

ट्रायल. सात तारखेला मतदान होतं म्हणून शाळेचं ग्राउंड मांडवाच्या बांबूंच्या खड्ड्यांनी भरलेलं. आम्ही तालुक्याला जाऊन चारशेच्या ट्रॅकवर घेतली. आखूड वळणं नाहीत, किती मोठं वाटतं ते. बारकाही आला, एसटीच्या खिडकीत बसून.

मामांनी घड्याळ थांबवलं, सुतळी बोटाला गुंडाळली, काही बोलले नाहीत. मग वही मागितली आणि स्वतः लिहिलं, त्यांच्या अक्षरात : ५:३१.

एक सेकंद. साठ आणि अठ्ठेचाळीसमधला तो एक सेकंद.

मी मातीत बसून हसायला लागलो. मामांना वाटलं रडतोय. बारक्यानं विचारलं, "दादा, ढेकळात पाय अडकला का?" ट्रॅकवर ढेकूळ कुठलं.

बीम दहा. दहावा हनुवटी घासून. दाढीची कातडी गेली.

२ जून, रविवार

या वहीची चार पानं राहिलीत.

ग्राउंडची तारीख माहीत नाही. या कामातला सगळ्यात वाईट भाग हाच आहे, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पळणं सोपं असतं. तारीख नसताना पळणं वेगळं. तारीख ठरली की आठवडे मोजता येतात, शेवटचे दहा दिवस मेहनत कमी करून पाय ताजे ठेवता येतात. आत्ता काय, आज उद्या परवा सगळे सारखेच. गावातली दोन पोरं म्हणाली, कॉल आला की जोर लावू. मीही गेल्या वर्षी हेच म्हणालो होतो.

मामांनी आठवडा तसाच ठेवलाय. चार दिवस हळू, एक दिवस तुकडे, रविवारी लांब, एक दिवस आराम. ट्रायल बंद. घड्याळ त्यांनी परत नेलं. "एक सेकंद काढायला ट्रायल नको, झोप पाहिजे. रात्री मोबाइल आईकडं दे." दिला. धाकटी त्यावर गेम खेळते.

पैलवानानं पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय, मला न सांगता. त्याचं ग्राउंड याच महिन्यात असणार म्हणतात. चाकणला कंपनीच्या मागच्या रस्त्यावर ट्रकमधून वाट काढत पळतो. वजन ७६. आता कधी तो मला उठवतो, कधी मी त्याला.

काल रात्री वळीव झाला. ओढ्याकाठचा रस्ता चिखल. बारक्याच्या स्लीपरचा अंगठा तुटला, तो अनवाणी आला. ट्रॅक्टरच्या उरलेल्या पैशांतून मी नवे बूट घेतले, जुन्याचा सोल पुढून सुटून चपलेसारखा वाजत होता. जुन्यांत पुढं बोळे घातले तर बारक्याला होतील का बघायचं. नवे मऊ व्हायला दोन-तीन आठवडे जातील, एकदम ग्राउंडला घातले तर फोड येणार. म्हणून कालपासून घरात घालून फिरतोय. शेणानं सारवलेल्या जमिनीवर बूट घालून फिरतो म्हणून आई सकाळपासून दोनदा ओरडलीय.